एक वीत वर थांबलेला हात

११ जाने., रवि.
सगळ्यात आधी शेवंता हजर. चहा फुकट असला की आमच्या शेजारणीचा नंबर पहिला. शाळेच्या पडवीत पाहुण्यांनी पिशवी उघडली तर आत बाई, ती पण कमरेपर्यंतच! शेवंता किंचाळली, "अगो बाय, अर्धं मढं आणलंय!" डॉक्टरीणबाय हसून बेजार. रबराची बाहुली ती. शहापूरहून आलेले दोघं, ही बाय नि एक मास्तरासारखा माणूस. माणूस अचानक पडला, हाकेला उठत नाय, श्वास नीट नाय, तर काय करायचं ते शिकवायला. आधी खांद्यावर थापा मारून हाक. मग १०८च्या दवाखान्याच्या गाडीला फोन. मग छातीच्या मधोमध हातावर हात, कोपरं ताठ, जोरात नि भराभर दाबायचं, गाडी येईस्तोवर. कांदा हुंगवायचा नाय, तोंडात पाणी ओतायचं नाय. आमी जन्मभर तेच केलं.

माझी पाळी आली तशी बाय म्हणते, "आजी, कुठं शिकलात हो?" म्हटलं, उखळापाशी. मुसळ पुरतं वर आलं नाय तर परत पडंल कसं? "अगदी तसंच," म्हणाली, "छाती पण पुरती वर येऊ द्यायची." काय खूश झाले मी! चौथी शिकलेलीला कुणी शाबासकी देतं का. एक मशीन पण दाखवली. आतून बाई बोलते, आता हे करा, आता ते करा. सदरा उघडून छातीला दोन पट्ट्या चिकटवायच्या. लागलं तर झटका देते, बिघडलेलं काळीज ताळ्यावर यायला.

जाताना बायनं विचारलं, घरी दिवसभर कोण असतं? मी नि थोरले भावोजी. शेवंता पदरात तोंड घालून हसली.

१२, सोम.
हसंल नायतर काय. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, थोरल्या दिराला माझा पदर लागला नाय, हात तर लांबच. बोलणं पण सरळ नाय, गायीमार्फत. ते ओट्यावरून म्हणतात, "कपिले, चहा झाला काय?" मी चुलीपासून, "कपिले, ठेवलाय बघ." ही तिसरी कपिला. आधीच्या दोघी आमचं बोलणं ऐकून ऐकूनच म्हाताऱ्या झाल्या.
जाऊबाय गेली, आमचे हे पण गेले. मुलगा-सून सातच्या एस्टीनं मुरबाडला, नात कॉलेजात. भावोजींच्या काळजाच्या नळीत गेल्या साली स्प्रिंग घातली. पडले तर जवळ मीच. दुसरं कोण?

१४, बुध. संक्रांत.
दुपारी जरा डोळा लागला. अंगण धुक्यानं भरलेलं, नि मी कांडतेय, कांडतेय, उखळात भात नाय, काय हाय ते दिसत पण नाय. ठोका तेवढा येतो. जागी झाले तरी हात हलत होते. बरं वाटत होतं उगाच.
तिळगूळ पायरीवर ठेवला नि कपिलेला बाहुलीचं सगळं सांगितलं. सदऱ्याचं पण. भावोजी लाडू चघळत बसले. मग, "कपिले, तसं काय झालं तर कुणा पुरुषमाणसाला बोलवावं म्हणावं."
शेवंता कुंपणापलीकडून, "पुरुष सगळे कामावर गो! तवर काय यमाला चहा पाजशील?"

१७, शनि.
वालाच्या शेतात गेले. दव सुकलं नव्हतं, शेंगांचा वास असा की चालताना झोप यावी. बांधावर ऐनाच्या झाडाखाली भावोजी आडवे. टोपी बाजूला पडलेली.
"भावोजी!" तोंडातून सरळच गेलं. उत्तर नाय. गुडघ्यावर बसले. खांद्यावर थाप मारायची, ठाऊक होतं मला, पाठ होतं. हात एक वीत वर जाऊन थांबला. खाली येईना. घारीची सावली दोघांच्या अंगावरून गेली, मी बघत राहिले. किती वेळ, देव जाणे.
मग ते घोरले.
झोपलेले नुसते. मी उठून वाल खुडायला लागले. शेंगा दिसत नव्हत्या.

१९, सोम.
सांगून टाकलं. गायीला सांगितलं, पण तोंड त्यांच्याकडं होतं. हात थांबला म्हटलं. या खेपेला नुसते निजला होतात म्हणून निभावलं.
भावोजी कपिलेच्या मानेखाली खाजवत बसले. मग, "थांबायचं नाय म्हणावं. बरगडी मोडली तरी चालंल. सदऱ्याची बटणं पण तोडावी, कोण मोजतंय."
मी आत जाऊन रडले जराशी. नंतर हसू पण आलं. संध्याकाळी उशीवर सराव, शेवंता मोजायला. वीसच्या पुढं तिची गाडी घसरते.

२१, बुध.
डॉक्टरीणबायचा फोन. मशीन कायमची देणार, शाळेच्या पडवीत राहील, कुलूप लावायचं नाय. मी म्हटलं, उशीवर हात चालतो बाय, बाहुलीवर पण चालतो, माणसावर अडतो. तर म्हणाली, जित्या माणसाची छाती दाबायची नसते आजी, पण खांद्यावर थाप तर मारता येते ना? सुरुवात तिथूनच हाय. त्यांना घेऊन या, सगळ्यांदेखत झोपवू.
भावोजींना सांगितलं. खोकले नुसते.
मला वाटतं, तो खांदा हाताला एकदा माहीत झाला की पुढचं जमंल. वाटतं आपलं.
शहापूरचे दोघं येणार म्हणाले १ फेब्रु., रविवार, सका. दहा.