एकशे बासष्टची बेरीज

चिंचवड, ७ जुलै

तीर्थरूप आबांस,
सृष्टीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही कपाटात जपून ठेवलंय, म्हणून नेहमीप्रमाणे पत्र. सीए इंटरच्या दुसऱ्या ग्रुपचा निकाल काल लागला. पेपर तीन, प्रत्येकी शंभराचे. कॉस्टिंगला अडुसष्ट, फायनान्सला एकसष्ट आणि ऑडिटला तेहेतीस पडले. आप्पांचे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. निकालाचं तेवढं तुम्हीच त्यांना सांगा. मावशीकडे सगळं ठीक आहे. आज जास्त लिहवत नाही.

लोभ आहेच, तो तसाच असू द्या.
आपली,
सृष्टी

*

मळवली, ११ जुलै

चि. सृष्टीस,
आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमनच्या हातातूनच घेतलं आणि ओट्यावर बसून बेरीज केली. एकशे बासष्ट. तीनशेचे निम्मे दीडशे, ते ओलांडून वर बारा. निम्म्याला पास हे मागे तूच मला सांगितलं होतंस. गेल्या साली पहिला ग्रुप झाला, आता दुसरा. तुझ्या बापाला हाक मारून सांगितलं, तर तो खाचरातल्या चिखलाच्या पायांनीच स्वयंपाकघरात शिरला. तुझ्या आईनं त्या पायांबद्दल अवाक्षर काढलं नाही, यावरून काय ते समज.

तुझा चुलत भाऊ सार्थक कामशेतला फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागलाय. त्यानं दुसऱ्याच दिवशी स्टेशनच्या रस्त्याला तुझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. तुझा फोटो बरा आलाय. त्याचा स्वतःचा त्याहून मोठा आहे, गॉगल लावून. पंधरा ऑगस्टला शाळेत गुणगौरव आहे आणि तुझी शाल माझ्या हातून द्यायची, असं हेडमास्तरांनी ठरवलंय.

तुझ्या बापाची ती अटही आता मिटली. या खेपेला नापास झालीस तर गणपतीनंतर लोणावळ्याच्या रिसॉर्टवर रिसेप्शनला बसवतो, असा शब्द त्यानं मॅनेजरला देऊन ठेवला होता. मला ते मुळीच पटलं नव्हतं. पण तुझी ही तिसरी खेप, आणि बंगल्याची राखण करून तो किती पुरवणार, म्हणून मी गप्प बसलो होतो.

लोभ आहेच. पास झालीस म्हणून तो वाढला, असं मात्र समजू नये.
तुझा,
आबा (रखमाजी)

*

चिंचवड, १५ जुलै

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

आबा, मी पास झालेले नाही.

तुमची बेरीज बरोबर आहे. पण अटी दोन असतात. ग्रुपची बेरीज निम्मी हवी, आणि शिवाय प्रत्येक पेपरात निदान चाळीस हवेत. ऑडिटला मला सात कमी पडले. कॉस्टिंगचे जास्तीचे गुण तिकडे वळवता येत नाहीत. ही दुसरी अट मी तुम्हांला कधी सांगितलीच नाही, कारण ती माझ्या आड येईल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी गुण लिहिले आणि नापास हा शब्द काही लिहवला नाही. मग आप्पांचा फोन आला. ते इतके खुशीत होते की मी नुसतं हं म्हटलं. त्या हं ची मला अजून लाज वाटते.

एक गोष्ट मात्र हाती लागलीय. ज्या पेपरात साठ किंवा वर पडले, ते पुढच्या तीन परीक्षांपर्यंत परत द्यावे लागत नाहीत, आणि त्यांचे गुण तसेच धरले जातात. म्हणजे सप्टेंबरला एकटं ऑडिट. चाळीस पडले की ग्रुप सुटला. फॉर्म मी मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून भरलाय.

म्हणून एक मागणं आहे. निकाल लागेपर्यंत हे आपल्या दोघांतच राहू द्या. आप्पांना आत्ता कळलं तर गणपतीनंतर मी रिसेप्शनला असेन आणि ऑडिट तसंच राहील. रागवा, पण उत्तर लिहा.

लोभ असावा असं म्हणायला आज तोंड नाही, तरी म्हणते.
आपली,
सृष्टी

*

मळवली, २० जुलै

चि. सृष्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर रागावून होतो. मग स्वतःवर रागावलो, कारण ती घाईची बेरीज माझी आणि गावभर बोभाटा करणाराही मीच.

जमिनीची मोजणी चुकली तर आपण फेरमोजणी मागतो. तसं तुमच्याकडे नाही का? सात गुण म्हणजे बांधाएवढंच अंतर. आणि शंभरातले वीस-एकवीसच पास, असं छापून आलंय. त्या विसांतली तुझी जागा कोणी घेतली काय? सरपंचांच्या मेहुण्याची पुण्यात बरीच ओळख आहे. तुझं नाव न घेता विचारून पाहिलं, तर तो म्हणाला की बघू, काम होईल. तो हेच वाक्य रस्त्याच्या डांबरीकरणाबद्दलही गेली चार वर्षं म्हणतोय.

राहिलं तुझं मागणं. तुझ्या बापाशी मी कधीच खोटं बोललो नाही, असं काही नाही. पण शाल हातात घेऊन सगळ्या गावापुढं उभं राहायचं म्हणजे मला अवघड जातं. तरी तू म्हणशील तर उभा राहीन. तुझं शिक्षण थांबू नये, एवढंच मला कळतं.

लोभ आहे, आणि राग उतरलाय.
तुझा,
आबा

*

चिंचवड, २५ जुलै

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

जागा कोणी घेतलेली नाही, आबा. इथं जागा मोजून ठेवलेल्या नसतात. जितके जण तो आकडा गाठतील तितके पास, मग ते वीस असोत की नव्वद. टक्का मागाहून काढतात. फेरतपासणी आहे, पण त्यात बेरीज चुकली का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. उत्तराला जास्त गुण द्यायला हवे होते, हे ऐकून घेत नाहीत. अर्ज केलाय, आशा ठेवू नका. तपासणाऱ्याला उत्तर कोणाचं हे कळत नाही, तेव्हा मेहुण्यांना डांबराकडेच लक्ष घालू द्या.

खरं सांगायचं तर ते तेहेतीस माझेच आहेत. कॉस्टिंगला शेवटचं उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. ऑडिटला नेमका मुद्दा आणि नेमका नियम लागतो. मी पानंच्या पानं गोलगोल लिहून आले.

तुमचं पत्र आलं तेव्हा त्याच पुस्तकात डोकं घालून बसले होते. जे तपासलं नाही, त्यावर सही करायची नाही, एवढंच ते पुस्तक पहिल्या पानापासून सांगतं. आणि मी तुम्हांला शाल घेऊन सही करायला लावत होते. आज संध्याकाळी आप्पांना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला.

पंधरा ऑगस्टला मी येत नाही. रिसेप्शनला बस म्हणाले तर बसेन.

माझ्यावरचा लोभ आप्पांपुढं थोडा खर्च करावा, ही विनंती.
आपली,
सृष्टी

*

मळवली, १६ ऑगस्ट

चि. सृष्टीस,
आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यावर तुझा बाप ताटावरून उठून बंगल्यावर गेला. नंतर पंधरा-वीस दिवस तो घरात कामापुरतंच बोलत होता, म्हणून मीही लिहिलं नाही.

काल हेडमास्तरांनी तुझं नाव पुकारलं. मी स्टेजवर चढलो आणि शाल घडी घालून टेबलावर ठेवली. पोरगी नापास आहे आणि बेरीज माझी चुकली, असं माईकवरून सांगितलं. एकशे बासष्टला नापास कसं, हे कोणाच्या डोक्यात शिरेना. मग मला डेअरी आठवली. म्हटलं, आपल्या दुधाला फॅट कितीही लागू दे, लॅक्टोमीटरवर डिग्री कमी भरली तर कॅन परत येतो की नाही? तिचं तसंच झालंय. सगळ्या मांडवाला एका क्षणात कळलं. एवढ्याशा डिग्रीपायी आख्खा कॅन माघारी, लय वंगाळ, असं सरुबाई पुढच्या रांगेतून म्हणाली. तिचे स्वतःचे किती कॅन परत आलेत, ते मी काढलं नाही.

आज सकाळी स्टेशनला गेलो तर तुझा बाप बंगल्यावरची शिडी लावून फ्लेक्सवर चढलेला. मला वाटलं, काढतोय. सार्थक खाली शिडी धरून तोंड पाडून उभा. त्यानं काढला नाही. उत्तीर्ण या शब्दावर पांढरा कागद चिकटवला आणि लाल रंगानं लिहिलं, एक पेपर बाकी. अक्षर वाकडं आलंय, पण रस्त्यावरून दिसतं.

त्याला पत्रात जागा हवी म्हणतो, म्हणून आवरतो. लोभ किती आहे ते मोजायला बसू नकोस.
तुझा,
आबा

चि. सृष्टीस आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही. तू फोन केलास तेव्हा राग आला होता, म्हणून बोललो नाही. पण ते मला बाहेर कोणाकडून कळलं असतं, तर मी तुला त्याच दिवशी रिसॉर्टवर बसवलं असतं. मॅनेजरला सांगून आलोय, त्या जागेवर शेजारच्या शालूबाईच्या समर्थला घ्या. ऑडिट दे. चाळीस पुरतात म्हणून चाळीसपुरतं वाचू नकोस. आणि नाही झालं तर परत दे. फक्त निकाल लागला की पहिला फोन मला कर, पास असलीस तरी आणि नसलीस तरी.
तुझा आप्पा,
प्रदीप