भिंतीमागचा ड्यूक

२ मे

आज ठरलं. म्हणजे मी ठरवलं. यंदाच्या नाट्यवाचनाची सूत्रं माझ्या हाती. पहिल्या राणी एलिझाबेथच्या काळातलं नाटक, पडक्या मठाचं अंगण, तिकीट नाही, खुर्ची ज्याची त्यानं आणायची. इतकी वर्षं हे सगळं हंफ्री पॅजेट बघायचा. हंफ्री फेब्रुवारीत गेला. कुणीतरी पुढे व्हायलाच हवं होतं, आणि आमच्या हॅडलबी गावात माझ्याखेरीज आहे कोण? उभा जन्म ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेण्यात गेला माझा. माणूस कुठे चुकणार हे मला तो सीटबेल्ट लावतानाच कळतं.

नाटक दरवर्षीचंच. बुडालेल्या ड्यूकचं. सख्खा भाऊ त्याला खंदकात ढकलतो आणि मग ड्यूकचं भूत तीनदा येऊन मुलीकडे न्याय मागतं. लिहिणाऱ्याचं नाव आजवर कुणाला सापडलेलं नाही. भूत नेहमी हंफ्री वाचायचा. यंदा मी वाचणार. तो वाईट वाचायचा असं नाही, पण फार संथ. त्या वेगानं गाडी चालवली असती तर मी नापास केला असता.

संकल्प: गर्दी खेचायची. रोज सकाळी मिठाच्या गुळण्या. हंफ्रीच्या आठवणी काढत बसायचं नाही. नाटकाला वेग हवा.

६ मे

वाचणाऱ्या मंडळींची बैठक, माझ्याकडे. केनेथ (प्लंबर, खुनी भावाचं काम) आणि बेव्हर्ली (केस कापते, ड्यूकची मुलगी). हंफ्रीची बायको आयरिसही आली, न बोलावता, पण केक घेऊन. तेव्हा काही म्हणता येईना.

केनेथनं विचारलं, भूत कोण? मी म्हटलं, मी. सगळे गप्प झाले. आदरानं.

मग बेव्हर्ली म्हणाली, मिस्टर टिडमार्श, पॅजेटकाका वाचायचे ना, तेव्हा भर जुलैत अंगावर काटा यायचा हो. मी तिला समजावलं की जुलैतही संध्याकाळी हवा गार होते, काट्याचं कारण ते. ती म्हणाली, असेल बाई.

आयरिस जाताना दारात म्हणाली, लायनेल, तू गुरुवारी पबमध्ये दिसत नाहीस हल्ली. मी म्हटलं, बिअर बिघडलीय त्यांची. ती म्हणाली, कधीपासून? मी म्हटलं, फेब्रुवारीपासून.

१४ मे

पहिली तालीम. हवा छान. मठाच्या अंगणात जायला चर्चच्या दफनभूमीतून जवळची वाट आहे, पण मी शेतावरून वळसा घालून गेलो. तिकडे गवत ओलं असतं.

माझं वाचन अपेक्षेप्रमाणे उत्तम. एक बारीकसा तांत्रिक दोष. भुताचं पहिलंच वाक्य आहे: दार लावू नका, मी अजून बाहेर आहे. ते मी वाचलं, आणि मागच्या पडक्या भिंतीमागून तेच पुन्हा ऐकू आलं. हळू. जरा खोल आवाजात. मी सगळ्यांना सांगितलं, प्रतिध्वनी आहे, लक्ष देऊ नका. बेव्हर्लीचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाली, आम्ही लहानपणी इथेच लपाछपी खेळायचो, घसा फाटेस्तोवर ओरडायचो, कधी प्रतिध्वनी आला नाही. मी म्हटलं, लहान मुलांचे आवाज पातळ असतात. भारदस्त आवाज असेल तरच भिंत उत्तर देते.

हे मला त्याच क्षणी सुचलं होतं, पण पटण्यासारखं आहे.

१७ मे

पाऊस. तालीम नाही. बरं झालं. घशाला विश्रांती.

२१ मे

प्रतिध्वनी सुधारतो आहे. म्हणजे स्पष्ट होतो आहे. आज एक गोष्ट थोडी वेगळी घडली: तो माझ्या आधी आला. मी पान उलटत होतो, तेवढ्यात भिंतीनं वाक्य म्हणून टाकलं. मग मीही म्हटलं. केनेथ हातातलं पुस्तक मिटून म्हणाला, लायनेल, बाबा, मला घरी जायचंय. मी विचारलं, का? तो म्हणाला, का काय का? भूत बोलतंय तिथे! मी म्हटलं, भूत मीच आहे, माझंच काम आहे बोलणं. तो म्हणाला, तू नाही रे. ते दुसरं.

प्लंबर असून इतका घाबरट.

आयरिस भिंतीला सर्वांत जवळ बसली होती, विणकाम घेऊन. शेजारी तिनं आणखी एक घडीची खुर्ची उघडून ठेवली होती. रिकामी. मी विचारलं, कुणी येणार आहे का? ती म्हणाली, पिशवी ठेवायला. पिशवी तिच्या मांडीवर होती.

२८ मे

उपाय केला. घरातली यच्चयावत ब्लँकेटं मोटारीत घालून नेली आणि भिंतीवर टाकली. कापड आवाज शोषून घेतं, हे शास्त्र आहे. पडका मठ अगदी धोब्याच्या अंगणासारखा दिसायला लागला.

उपाय यशस्वी. आवाज आता भिंतीमागून येत नाही. माझ्या डाव्या खांद्यामागून येतो.

३ जून

आयरिसनं आज सूचना केली. म्हणाली, तू फार घाई करतोस रे. "मी अजून" म्हटल्यावर तो जरा थांबायचा. जसं काही त्याला स्वतःलाच नवल वाटतंय की आपण अजून आहोत. मग म्हणायचा, "बाहेर आहे."

मी तिचे आभार मानले. दिग्दर्शकानं ऐकून सर्वांचं घ्यावं, करावं मनाचं. मी वाक्य एका दमात वाचलं.

भिंत थांबली. बरोबर "अजून"पाशी.

आयरिस हसली. मग डोळे पुसून विणायला लागली.

घरी आल्यावर आरशासमोर ते वाक्य थांबून म्हणून बघितलं. चांगलं वाटत नाही. निदान मी म्हटल्यावर तरी.

११ जून

जाहिरातीचा परिणाम! आज नुसत्या तालमीला एवढी माणसं, की पूर्वी कधी प्रयोगालाही नसतील. पोस्ट ऑफिसच्या दारात मी स्वतःच्या हातानं रंगवलेलं पोस्टर लावलंय, त्यात माझं नाव ठळक आहे. लोक थर्मास घेऊन, पायांवर शाली घेऊन बसले होते. मात्र प्रेक्षकांना कुठे बघावं ते कळत नाही. मी समोर उभा, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या खांद्यावरून पलीकडे.

एक म्हातारे गृहस्थ जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, काय आवाज आहे हो! मी नम्रपणे मान झुकवली. ते म्हणाले, अगदी पॅजेटचाच.

१२ जून

झोप बरी नाही. गुळण्या बंद. मिठानं घसा कोरडा पडतो.

१९ जून

केनेथ तालमीला येईनासा झाला म्हणून त्याच्या दुकानात गेलो. त्यानं चहा दिला. मी म्हटलं, अरे, खुन्याशिवाय नाटक कसं करू? तो म्हणाला, खुनी मी वाचीन रे, पण एक विचारतो, रागावू नकोस. तुला खरंच कळत नाहीये का? मी म्हटलं, काय? तो म्हणाला, तो हंफ्री आहे.

मी त्याला वाऱ्याची दिशा, दगडाची रचना आणि दमट हवा याबद्दल सविस्तर सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, तुम्ही दोघं कितीतरी वर्षं दर गुरुवारी एका टेबलाशी डॉमिनो खेळायचात. आणि आता तो एवढा येतो, तर तू त्याच्यावर ब्लँकेटं टाकतोस?

चहा फार कडू होता. अर्धा ठेवून आलो.

२० जून

ब्लँकेटं काढून आणली. धुवायला झालीच होती.

२ जुलै

तालमीत आज मी मुद्दाम नवीन प्रयोग केला. भुताची वाक्यं मुळीच वाचली नाहीत. दिग्दर्शक म्हणून लांबून ऐकावं, असा विचार. भिंत गप्प. बेव्हर्ली "बाबा, कुठे आहात?" म्हणून थांबली, आणि काहीच नाही. चिमण्या तेवढ्या. मी समाधानानं म्हणालो, बघा, मी बोललो नाही तर तोही बोलत नाही, म्हणजे प्रतिध्वनीच.

तेव्हा अगदी माझ्या कानाशी आवाज आला: वाच की, लेका.

हे वाक्य नाटकात नाही.

मी वाचलं.

१० जुलै

मला हंफ्रीची अजिबात आठवण येत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. माणूस म्हणून तो ठीक होता. डॉमिनोत लबाडी करायचा. हरला की माझ्या टकलावर टपली मारायचा, जिंकला तरी मारायचा. अशा सवयींवाचून माणसाला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं काही कारण नाही.

१८ जुलै

उद्या प्रयोग. तयारी पूर्ण. आवाज उत्तम. आत्मविश्वास उत्तम. जेवण गेलं नाही.

१९ जुलै

प्रयोग झाला. शांतपणे लिहितो.

आभाळ स्वच्छ. अंगण भरून माणसं, काही तर कडेच्या भिंतींवर बसलेली. आयरिस पहिल्या रांगेत, निळी टोपी, शेजारी तिची ती खुर्ची. केनेथनं भावाचं काम जोरात केलं. ड्यूक बुडाला. भुताचा पहिला प्रवेश आला, मी पुढे झालो, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

काही नाही. आवाजच नाही. नुसती हवा.

आणि मागून सुरू झालं. दार लावू नका. मी अजून. बाहेर आहे.

मग पूर्ण भाषण. पाण्याखालचा काळोख, भावाचे हात, सगळं. मी काय करणार? पुस्तक धरून उभा राहिलो आणि योग्य वेळी पानं उलटली. अंगणात कुणी खोकलंसुद्धा नाही. बेव्हर्ली पुस्तकात न बघता बोलत होती, भिंतीकडे तोंड करून, आणि खरंच रडत होती. दुसऱ्या प्रवेशालाही तसंच. त्यात ड्यूक सांगतो की मला सूड नकोय, कुणीतरी माझं नाव घ्या, एवढंच. ही ओळ इतकी वर्षं ऐकतोय, पण ती नाटकात आहे हे आज समजलं.

तिसऱ्या प्रवेशाला भिंत बोललीच नाही. मी वाट बघितली. लोकांनी वाट बघितली. शेवटी माझा आवाज परत आला आणि मी वाचलं. दोन ठिकाणी अडखळलो, एक ओळ दोनदा वाचली. मागच्या रांगेत थर्मास बंद केल्याचे, खुर्च्या मिटल्याचे आवाज यायला लागले. संपलं तेव्हा टाळ्या पडल्या, पण कोट घालता घालता.

आयरिस आली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, तू गप्प राहिलास, फार मोठं मन केलंस. मी म्हटलं, तो दिग्दर्शनाचा भाग होता. ती म्हणाली, हो रे, हो. मग म्हणाली, आता तो गेला बरं का, लायनेल. मला कळलं. खुर्चीवरनं कुणी उठावं तसं.

मी म्हटलं, छान.

२३ जुलै

समितीची सभा. पुढच्या वर्षीही हेच नाटक. भुताच्या जागी फक्त शांतता ठेवायची असा बेव्हर्लीचा ठराव, एकमतानं मंजूर. मीही हात वर केला होता. माझ्याकडे गाड्या कुठे लावायच्या ते दाखवण्याचं काम.

२६ जुलै

दुपारी मठात गेलो. एकटाच. नुसती ध्वनिव्यवस्थेची पाहणी म्हणून. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

भिंतीकडे तोंड करून पहिलं भाषण वाचलं. वेगात. काही नाही. पुन्हा वाचलं, "अजून"पाशी थांबून. थांबलोच बराच वेळ. भिंतीवर ऊन होतं, मुंग्या होत्या. मग मोठ्यानं वाचलं. मग म्हटलं, बरं, चुकलं असेल तर सांग. मग पुस्तक खाली ठेवलं आणि हाक मारली. नावानं. दोन-चारदा असेल. भिंतीतून काहीही परत आलं नाही. प्रतिध्वनी म्हणूनसुद्धा नाही.

फाटकाशी एक बाई उभ्या होत्या. पायात चिखलानं भरलेले बूट, हातात कुत्र्याचा पट्टा. गावात नवीन असाव्यात. म्हणाल्या, हरवलाय का हो? मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, अगं बाई, माझाही गेल्या वर्षी असाच पळाला होता. नाव काय त्याचं? मी म्हटलं, हंफ्री. त्या आत आल्या, तोंडाशी हात धरून ओरडल्या, हंफ्रीऽऽ! माझ्यापेक्षा चांगला आवाज आहे त्यांचा. मग आम्ही दोघांनी मिळून हाका मारल्या, भिंतीच्या या बाजूनं आणि त्या बाजूनं. त्यांनी झुडपांतही बघितलं.

जाताना त्यांनी विचारलं, वय काय? मी म्हटलं, म्हातारा होता. त्या म्हणाल्या, होता म्हणू नका हो. भूक लागली की येतात घरी. रात्री मागचं दार थोडं उघडं ठेवा.

मी म्हटलं, ठेवतो.