ह्यांच्या कानाची उंची

४ सप्टेंबर, सकाळ
ठरलं. तळघरात होम थिएटर करायचं. निर्णय घ्यायला मला वेळ लागत नाही.
तळघरात आहे तरी काय? गंजकी सायकल, लेकीचा पाळणा, रंगाचे वाळलेले डबे. ते सगळं काढायचं आणि आम्ही दोघांनी शेजारी शेजारी बसून सिनेमा बघायचा. लग्नाआधी दर शनिवारी मॅटिनीला जायचो तसं. ह्यांना सिनेमाचं भारी वेड. रिटायर झाल्यापासून मात्र हॉलमधल्या आरामखुर्चीत बसतात, कानात इअरफोन घालतात आणि मोबाइलवर बुद्धिबळाचे डाव बघतात. मी काही बोलले की एक कान मोकळा करतात, "हं" म्हणतात आणि पुन्हा बूच लावतात.
अर्थात, हे सगळं मी घराची किंमत वाढावी म्हणून करते आहे. लेकीला फोनवर तसंच सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांना विचारलंस का?" त्यात विचारायचं काय? इतक्या वर्षांत माणूस कळत नाही होय?

७ सप्टेंबर
शोरूममध्ये गेलो. जमिनीवर उभे राहणारे स्पीकर कपाटाएवढे. मी स्पष्ट सांगितलं, खोकी नकोत, धूळ कोण पुसणार? मला भिंतीच्या आत बसणारे हवेत. नुसता आवाज यावा, तो येतो कुठून ते कळू नये.
शोरूमवाले गृहस्थ गोल आणि उत्साही. त्यांनी आम्हाला काळोख्या खोलीत बसवून एक हेलिकॉप्टर मागून पुढे नेलं. माझ्या अंगावर काटा आला. हे डोळे मिटून ऐकत होते. तल्लीन. मॅटिनीला गाणं लागलं की असेच डोळे मिटायचे.
बाहेर आल्यावर विचारलं, सगळ्यात काय आवडलं? म्हणाले, "एसी."
मिश्किल आहेत.

८ सप्टेंबर
शोरूमला फोन. गोल जाळीचे की चौकोनी? चौकोनी सांगितले.

८ सप्टेंबर, दुपार
गोल.

१० सप्टेंबर
चौकोनीच घेतले. तीन समोर, दोन बाजूंना, दोन छतात, शिवाय धडधडाटासाठी एक मोठं खोकं. (एका खोक्याची धूळ मी पुसेन.)
शोरूमवाल्यांनी बजावलं, "बाई, आधी खुर्ची, मग भिंत. भिंतीतला स्पीकर एकदा बसला की सरकत नाही. बसणाऱ्याचा कान कुठे येतो ते आधी मोजा."
म्हटलं, आमच्याकडे त्याची अडचणच नाही. हे फक्त त्या आरामखुर्चीत बसतात. दुसरीकडे बसले की पाठ दुखते, पाठ दुखली की बोलत नाहीत. तसे आताही बोलत नाहीत, पण ते वेगळं.

११ सप्टेंबर
हे दुपारी खुर्चीत डुलक्या घेत होते तेव्हा शिवणाच्या टेपने जमिनीपासून कानापर्यंत माप घेतलं. जागे झाले. म्हणाले, "शवपेटीचं माप घेतेस का गं?"
खुर्ची ताठ असताना कान वर, मागे रेलल्यावर खाली. दोन मापांमधलं मधलं घेतलं. मग लेकीच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक काढून नकाशा आखला. शाळेत भूमितीच्या सिस्टर म्हणायच्या, तुझी रेघ सरळ, पण तू सारखी खोडतेस. आता खोडत नाही. (वही खरखरीत झाली आहे, कागदच हलका आहे.)

१५ सप्टेंबर
मिस्त्री आले. वायर, बोर्ड, रंग, सगळं तेच करतात. काहीही विचारलं की म्हणतात, "होऊन जाईल." मी त्यांचं नाव 'होऊनजाईल' ठेवलं आहे. मनातल्या मनात.
म्हटलं, स्पीकर बरोब्बर ह्यांच्या कानाच्या रेषेत हवेत. म्हणाले, होऊन जाईल.
तळघराचा जिना अरुंद आहे, असं हे जेवताना म्हणाले. आपणहून बोललेलं हे आठवड्यातलं पहिलं वाक्य. थिएटरचा परिणाम आत्ताच दिसायला लागला.

१८ सप्टेंबर
मी कुणाच्या कामात ढवळाढवळ करत नाही. आज स्टुलावर दोन उशा आणि एक जाडजूड शब्दकोश ठेवला, ह्यांच्या कानाच्या उंचीवर बसले आणि फक्त "जरा डावीकडे" म्हटलं. मग जरा उजवीकडे. मग मूळच्याच जागी.
भिंतीची चाळण झाली. होऊनजाईल म्हणाले, "बाई, ह्यातून आता पीठ चाळून देऊ का?"
उद्धटपणा मला खपत नाही. त्यांना चहा दिला, पण साखर कमी घातली.

२४ सप्टेंबर
भिंती बंद. रंग झाला. शब्दकोशावर बसून जुना सिनेमा लावून बघितला. पात्रं जणू माझ्या खांद्याशी बोलत होती. डोळ्यांत पाणी आलं. रंगाचा वास फार उग्र आहे.
लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, बाबा खरंच तिथे बसणार आहेत ना?" तोंडातून वंगाळ काढू नकोस म्हटलं.
उद्या खुर्ची खाली आणायची.

२५ सप्टेंबर, दुपार, तळघर
हे तळघरात लिहिते आहे. कारण वर जाता येत नाही.
मी खालून वाट दाखवत होते. हे आणि होऊनजाईल वरून खुर्ची ढकलत होते. जिन्याच्या वळणावर ती आडवी झाली, तिची पाय ठेवायची फळी आपोआप उघडली आणि भिंतीला जाऊन भिडली. आता ती ना खाली येते, ना वर जाते. आणि मी खुर्चीच्या अलीकडे.
होऊनजाईल पहिल्यांदाच 'होऊन जाईल' म्हणाले नाहीत. करवत आणतो म्हणाले.
जिना मी मोजला नव्हता. कान मोजत होते.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
हे खुर्चीपलीकडच्या पायरीवर बसले आहेत. मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला आहे. फटीतून मला बिस्किटं दिली.
म्हटलं, निदान आवाज तरी ऐका, आणि सिनेमा लावला. थोड्या वेळाने वरून आलं, "अगं, बंद कर ते."
का? आवाज खराब आहे?
"छान आहे. पण मला सिनेमा नाही गं आवडत."
मी म्हटलं, काहीतरीच. दर शनिवारी कोण यायचं मग, तुमचा भाऊ?
म्हणाले, "तू सिनेमाला यायचीस म्हणून मी यायचो. तू पोहायला जात असतीस तर मी बुडायला आलो असतो. आत काळोख झाला की मला झोप लागायची. परत जाताना तू सगळी गोष्ट सांगायचीस, हातवारे करून, रस्त्यातली माणसं बघायची. तेवढ्यासाठी यायचो."
मी सिनेमा बंद केला. सातही स्पीकर गप्प.
मग ते बोलत राहिले. त्यांच्या गुडघ्याबद्दल, लेकीबद्दल, घोड्याच्या एका चालीबद्दल, जी मला अजिबात कळली नाही. करवत येईपर्यंत बोलत होते. करवत जरा लवकरच आली.

२६ सप्टेंबर
खुर्ची एक हात गमावून हॉलमध्ये परत गेली. हेही परत गेले. इअरफोनसकट.
मी अजिबात खचलेले नाही. आवाज अप्रतिम आहे, हे सगळ्यांनी मान्य केलं आहे.

२८ सप्टेंबर, संध्याकाळ
दुपारी खाली एकटीनेच सिनेमा बघितला. चहाच्या वेळी स्वयंपाकघरात ह्यांना गोष्ट सांगायला बसले. ह्यांनी दोन्ही कान मोकळे केले. दोन्ही! मी रंगात आले. पूल कोसळतो तिथे तोंडानेच धडाम् केलं, टेबलावर हात आपटला, कपातला चहा सांडला.
हे म्हणाले, "आवाज जरा कमी कर."
मी त्यांच्या उजव्या कानाच्या फार जवळ बसले होते, एवढीच चूक. उद्या टेबलाच्या समोरच्या बाजूला बसून बघते.