लेकीचा हात

नायगाव, ४ जून २०२५

ती. रुक्मिणअक्कास धाकट्या सत्यशीलाचा शि. सा. न. वि. वि.

फोन लागत न्हाई म्हणून रागावू नको. तो ऋतुजानं आपटला, वरणात मीठ कमी म्हणून! आधी माझ्या मनगटावर, मग भिंतीवर. सतरा वर्षांची लेक. फोन गेला, मनगट सुजलं. ह्यांनी मला ओढलं न् आम्ही न्हाणीत कडी लावून बसलो. हे उलट्या बादलीवर, मी ह्यांच्या मांडीवर. बाहेर दारावर लाथा, आणि अक्का, मला हसू आवरेना! लग्नाला वीस वर्षं झाली, एवढं चिकटून पहिल्यांदाच बसलो. हेही तोंड दाबून हसले, मग रडायलाच लागले.

कुणाला सांगू नको. लेकीचं नाव जाईल.

तुझी माया असू दे.
सत्यशीला

शिरूर अनंतपाळ, ९ जून

चि. सौ. सत्यशीलास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून लई हसले, मग दूध उतू गेलं तरी उठवेना. मीही लपवलंय. माझा लेक व्यंकट मला दोन वर्षं मारत होता. मी पडले म्हणून सांगायची. एवढी पडणारी बाई साऱ्या तालुक्यात न्हाई!

लातूरला रुद्राणीताई समुपदेशक हायेत. रविवारी त्या आपल्यासारख्या आईबापांना एकत्र बसवतात. लेकरावर जीव लावा, पण मार खाऊ नका म्हणतात. हात उठला की सांगून बाहेर पडायचं, शेजारी जायचं. जास्तच झालं तर ११२ लावायचा. हनुमंतरावांना घेऊन ये. चटणी-भाकरी मी आणते.

वाट बघणारी,
अक्का

नायगाव, ३० जून

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

बैठकीतून आल्यापासून हे हसूनच राहिलेत. धर्माबादचे शेषेराव घरात हेल्मेट घालून जेवतात म्हणाले, तर ह्यांनी भर बैठकीत विचारलं की घास कुठून घेता! शेषेरावच सगळ्यांत जास्त हसले.

बुधवारी ऋतुजानं हात उगारला. तुझ्यावर जीव हाय, पण मार खाणार न्हाई, असं म्हणून मी निघाले. हे घाईत माझीच चप्पल घालून मागं. शेजारच्या पार्वतम्माला पहिल्यांदा खरं सांगितलं, की लेक मारते. तिनं मेथीची जुडी निवडायला पुढं सरकवली.

अर्ध्या तासानं ऋतुजा दारात. घरी कधी येता म्हणाली. मेथी झाल्यावर, मी म्हणाले. तीही खाली बसली, निवडू लागली. माझ्याकडं बघितलं न्हाई. पार्वतम्मालाच हळू म्हणाली, की मला माझ्याच हाताची भीती वाटते.

रविवारी आम्ही तिघं येतो. भाकरी एक जास्त टाक.

तुझीच,
सत्यशीला