राणीनं भाकरी बांधून दिली होती

प्रिय मावशी,

चार दिवसांसाठी अण्णांकडं गावी, ईटला आलेय. काल दिवेलागणीला मारुतीच्या पारापुढं बाहुलीवाल्यांनी पांढरा पडदा बांधला. त्याच चामड्याच्या बाहुल्या, तोच मागचा दिवा, तीच गोष्ट. सावत्र राणी पडद्यावर आली तशी बायकांनी बोटं मोडली, आणि मी सवयीनं डावीकडं वळून पाहिलं. तिथं तू नव्हतीस. तू गेलीस हे माझ्या मानेला कुठं ठाऊक! अजून वर्षही झालं नाही. मला पुढं बसवेना. घरी येऊन लिहायला घेतलं.

आपला जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्यात हे लोक पहिल्यांदा आले होते, आठवतं? आई गेल्यावर अण्णांनी तुला करून आणलं, त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. मी तुला मावशी म्हणायचे आणि कामापुरतं बोलायचे. तूही काही कमी नव्हतीस. 'जेव' आणि 'झोप' यापलीकडं तुझ्या तोंडून शब्द निघत नसे.

मग ती गोष्ट आली. रोज संध्याकाळी एक तुकडा. राणी राजकन्येला राक्षसाच्या विहिरीचं पाणी आणायला रानात धाडते. साऱ्या गावानं राणीला शिव्या घातल्या. घरी येताना वाटेत तू एकदम म्हणालीस, "जाताना राणीनं पोरीच्या हातात भाकरी बांधून दिली. मारायचंच असतं तर भाकरी कशाला दिली असती?"

मी तर पेटलेच! भाकरीत विष असंल, म्हणाले. मग पोरगी मेली कशी नाही, तू विचारलंस. हुशार आहे ती, खाल्लीच नाही! झालं, तिथून जे सुरू झालं ते ओढ्यावर, चुलीपाशी, शेताच्या वाटेवर थांबेचना. शेजारच्या रझियाचाची बांगड्या भरायला आल्या, त्यांनी तिसरीच, राक्षसाची बाजू धरली. "बावडी राक्षस की थी ना? फिर चोर कौन?" तू खळखळून हसलीस. तुला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात धाराशिवची आत्या आली. तिनं दोन दिवस आपली भांडणं ऐकली. या घरात एवढं बोलणं आजवर कधी झालंच नव्हतं, हे तिला कसं कळावं? तिनं अण्णांना समोर बसवून सांगितलं की पोरीचं हिच्याशी घडीभर पटत नाही, मी तिला घेऊन जाते, तिकडंच शाळेत घालते. अण्णांनी तुझ्याकडं पाहिलं. तू भाकरी थापत राहिलीस. मी दाराआड उभी होते गं! 'राहू द्या' एवढं म्हणायला तुला काय झालं होतं?

ते तू सांगितलंस थेट माझ्या हळदीच्या दिवशी. "सावत्र बाई राहू द्या म्हनली तर राबवून घ्यायला म्हनत्यात. जाऊ द्या म्हनली तर काढून दिली म्हनत्यात. म्या काय म्हनायचं हुतं?" इतकी वर्षं हे पोटात ठेवलंस. तुझा मला रागच आला.

शेवटचा खेळ व्हायच्या आधीच आत्यानं मला सकाळच्या मोटारीत बसवलं. ट्रंक टपावर गेली. तुझ्यादेखत रडायचं नाही असं ठरवून मी समोर बघत बसले. तू खिडकीशी आलीस, फडक्यात बांधलेली भाकरी माझ्या हातात दिलीस आणि हळूच म्हणालीस, "तुजंच खरं हाय, शकू. राणी वाईटच हुती."

आठवडाभर तसूभर मागं न सरलेली तू! मला कळलं. तू हरायला तयार झालीस म्हणजे मी परत येणार नाही, हे तू धरूनच चालली होतीस. मोटार सुरू झाली. मी ते गठुडं छातीशी धरलं, आत्याचे पाय ओलांडले आणि खाली उडी टाकली. सगळ्या लोकांसमोर तुझ्यावर ओरडले, "खोटं बोलतीस तू! राणीनं भाकरी बांधून दिली हुती!"

आत्याला काही उमगलं नाही. तू मात्र पदर तोंडाशी धरून तिथंच मातीत बसलीस. अण्णांनी मोटार थांबवायला लावली आणि टपावर चढून ट्रंक उतरवली.

मग शेवटच्या दुखण्यात तू असं का केलंस, मावशी? तुला जरा तरतरी यावी म्हणून मी मुद्दाम राणीला शिव्या दिल्या. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "तुजंच खरं हाय." मी तुझा हात घट्ट धरला. या वेळी उडी टाकायला मोटार नव्हती.

उद्या शेवटचा खेळ आहे. मी अगदी पुढं बसणार. बायका राणीवर तुटून पडतील तेव्हा भाकरीची आठवण मी करून देणार, आणि घरी येताना वाटेत राजकन्येची बाजूही मीच घेणार. दोन्हीकडून एकटी भांडेन, पण तुला हरू देणार नाही. हे माझं वचन.

तुझी भांडखोर,
शकू