बिबट्याच्या मादीची गोष्ट

मंगळवार, जेवणाआधी

पुतणी सायलीला उद्या वर्गात स्वतःची गोष्ट वाचायची आहे. पात्रं, स्थळ, अडचण, शेवट, सगळं हवं. मी नववीत शाळा सोडलेली, तरी घरात तपासायला मीच.

तिने आमच्या ऊसतोडीचं लिहिलंय. उसात बिबट्याची पिल्लं सापडली. वनखात्याच्या लोकांनी ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली आणि रात्री मादी येऊन घेऊन गेली. शुद्धलेखन ठीक. पण मुख्य पात्र मादी, आणि अडचणही तिचीच.

वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आपली शेळी नेली तिनं, अन् ही तिचीच बाजू घेती. भाऊजी, तुमीच सांगा हिला."

मलाही भीती वाटली. वर्गातल्या कितीतरी पोरांच्या घरची शेळी नाहीतर कुत्रं गेलेलं आहे. चिडवतील हिला. म्हणून म्हटलं, "मुख्य पात्र ऊस तोडणारा माणूस कर."

सायलीने खोडलं. मग थांबली. "काका, मादी आली तवा आपण समदे कडी लावून घरात व्हतो. मग त्या माणसाला शेवट कसा दिसंल?"

हे मला का सुचलं नाही? खोडायला लावण्याची घाई का केली?

वहिनींनी भाकरी तव्यावर टाकली. "लिही मग तिचीच. पन आपली शेळी खाल्ली, ते बी लिही."

सायलीने गोष्टीची सुरुवातच शेळीपासून केली.