थकलेल्या व्हॉल्व्हची जोडी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांची दुरुस्ती (आता दुरुस्तीला कोणी काही आणत नाही, पण रकाना रिकामा सोडू नका असे वकीलसाहेब म्हणाले), हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मन ठिकाणावर नाही, त्याचा दाखला मिळत नाही.

१. राहते घर, दुकानाचा गाळा आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते सर्व माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. गाळ्याचे शटर उजवीकडे अडकते, खालून लाथ मारली की उघडते.

२. सोल्डरिंगची हत्यारे आणि मीटर शेजारच्या घड्याळवाल्यांना द्यावीत. चांगली पक्कड त्यात नाही. ती माझ्या धाकट्या भावाने अकरा वर्षांपूर्वी "उद्या देतो" म्हणून नेली. ती त्याच्याकडेच राहू दे, आणि त्याला दुसरे काहीही मिळू नये.

३. ज्या स्टुडिओत मी एकतीस वर्षे काढली, त्याच्या मालकांनी माझ्या अंत्ययात्रेला येण्याची तसदी घेऊ नये. "आता सगळं कॉम्प्युटरमध्येच मिळतं हो, तुम्ही आराम करा," म्हणत त्यांनी मला चहा पाजला आणि त्याच दुपारी यंत्रे भंगारात काढली.

४. त्या भंगारातून मी एक कॉम्प्रेसर घरी आणला. गाणाऱ्याचा आवाज एकदम चढला की तो अलगद दाबून धरायचा आणि अलगद सोडायचा, एवढेच त्याचे काम. त्यातली व्हॉल्व्हची, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांची, जोडी मी शेकडो व्हॉल्व्ह कानाने पारखून जुळवली होती. तसा आवाज दुसऱ्या कुठल्याही यंत्रातून आला नाही. हे यंत्रही मुलीलाच मिळावे, पण त्याआधी तिने पुढचे वाचावे.

मुलगी कॉम्प्युटरवर जुन्या यंत्रांच्या हुबेहूब नकला तयार करते. सहा वर्षांपूर्वी ती म्हणाली, "बाबा, मशीन पंधरा दिवस द्या ना. नीट मोजमाप घेते. तुमच्यानंतरही हा आवाज राहील."

मला ते झोंबले. ज्या नकलांनी माझ्या पोटावर पाय दिला, त्या आता माझ्याच घरात तयार होणार! यंत्र देण्याआधी मी ती जोडी काढून डब्यात ठेवली आणि दोन थकलेले, घरघरणारे व्हॉल्व्ह बसवले. म्हटले, होऊ दे फजिती.

फजिती झाली नाही. लोकांना ती घरघरच आवडली. नक्कल तयार झाल्यावर तिने मला ऐकवली. "बाबा, खरं सांगा, अगदी आपल्या मशीनसारखं झालंय ना?"

मी म्हणालो, "डिट्टो."

तिच्या कामाला मी आयुष्यात पहिल्यांदाच चांगले म्हटले होते. ती रडली. नकलेला तिने 'बाबा' असे नाव दिले. आता कुठले कुठले गायक त्यातून गातात.

गेल्या महिन्यात खरी जोडी डब्यातून काढली. काचेच्या टोकाला आतून असतो तो चंदेरी डाग पांढराफटक पडला होता, म्हणजे आत हवा शिरलेली. दोन्ही मेलेले. घाईत झाकण दाबताना मीच तडा पाडला असणार. जुनी रेकॉर्डिंग आहेत, पण त्यांत तो आवाज गाण्यात मुरून गेला आहे, वेगळा काढता येत नाही. जतन करायला एकच माणूस आला होता आणि त्याला मी खोटा माल दिला.

५. हे मला तिच्या तोंडावर सांगता आले असते. ती दर रविवारी येते, आठवड्याची औषधे डबीत भरून जाते. दर रविवारी सांगायचे ठरवतो आणि "जरा पाणी दे" म्हणून वेळ मारून नेतो. म्हणून इथे लिहिले. वाचल्यावर तिला माझ्याशी कडाकडा भांडावेसे वाटेल, आणि समोर मी नसेन. हीसुद्धा तिची फसवणूकच आहे, हे मला कळते. तरीही सही करत आहे.

सही: व्हॉल्व्हवाले

आमच्यासमोर सही केली, बोलणे स्पष्ट होते:
साक्षीदार १: खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई
साक्षीदार २: वकीलसाहेबांचे कारकून

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२६, शनिवार